ह्या टेबलावरून त्या टेबलावर



मागच्या महिन्यातली गोष्ट. कचेरीतून येऊन हातपाय धुतो न धुतो तोच शेजारच्या चाळीतली मुलगी मोबाइल घेऊन दारात उभी. वडील तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी, मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. "काका, माझा फॉर्म रिजेक्ट झाला," म्हणाली आणि रडू लागली. शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोनच दिवस उरले होते.

मी चष्मा लावून वाचले. पडद्यावर 'रिजेक्ट' हा शब्द कुठेच नव्हता. 'रिडायरेक्टेड यू टू मेनी टाइम्स' असे होते. दोन्ही शब्द 'रि'ने सुरू होतात, घाबरलेल्या डोळ्यांना एकच दिसतात. अर्ज नाकारला गेला नव्हता. तो अजून उघडलाही नव्हता!

वाचकहो, हा दोष समजायला आपल्या माणसाला जड जाऊ नये. तलाठी कार्यालयात काय होते? पहिल्या टेबलावरचा म्हणतो, दुसऱ्या टेबलावर जा. दुसरा म्हणतो, आधी पहिल्याची सही आणा. आपण दिवसभर येरझाऱ्या घालतो. ब्राउझरचेही तसेच होते. एक पान त्याला दुसऱ्याकडे धाडते, दुसरे परत पहिल्याकडे. फरक इतकाच, की ब्राउझर आपल्यासारखा सोशिक नाही. क्रोम २० फेऱ्या मोजतो आणि हात टेकतो. फायरफॉक्सचा आकडाही २० चाच आहे.

एका पानावरून दुसऱ्यावर पाठवणे मुळात वाईट नाही. साइटचा पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर आलेल्याला नवीन पत्ता सांगावा लागतो. त्याला आकडेही ठरलेले आहेत: ३०१ म्हणजे कायमची बदली, ३०२ म्हणजे तात्पुरती. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. घोटाळा होतो तो दोन टेबलांचे आपसात पटले नाही म्हणजे.

ह्या मुलीच्या बाबतीत काय झाले होते? मोबाइल वडिलांचा. त्यावर थोरल्या भावाने आधी स्वतःचा अर्ज उघडून अर्धवट सोडला होता. साइट आपल्या ब्राउझरमध्ये ओळखीची एक चिठ्ठी ठेवते, तिला 'कुकी' म्हणतात. ही युक्ती १९९४ साली नेटस्केप कंपनीत निघाली. चिठ्ठी पाहून लॉगिनचे पान म्हणे, "हा तर आत आलेलाच आहे, पुढे जा." पुढचे पान म्हणे, "ह्याची मुदत संपली, मागे जा." चिठ्ठी भावाची, हेलपाटे बहिणीला.

उपाय दोन मिनिटांचा. पत्त्याच्या डाव्या हाताला कुलपाचे किंवा दोन रेघांचे चिन्ह असते. ते दाबले, 'कुकीज अँड साइट डेटा'त गेलो, त्या एका साइटच्या चिठ्ठ्या पुसल्या. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. लॉगिनचे पान आले. सगळा ब्राउझर मात्र धुऊन काढू नका; बाकीच्या ठिकाणी केलेले लॉगिनही जाते आणि पासवर्ड कुणाला आठवत नाही. आपला पासवर्ड आधी वहीत लिहून ठेवलेला बरा.

पुसण्याआधी एक परीक्षा करता येते. ब्राउझरच्या मेनूत 'इन्कॉग्निटो' नावाची खिडकी असते, संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबले की उघडते. तिथे जुन्या चिठ्ठ्या नसतात. तिथे साइट चालली तर दोष जुन्या चिठ्ठीचा, किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या उपऱ्या कार्यक्रमाचा. मोबाइलची तारीख-वेळही पाहावी. ती चुकलेली असली तर चिठ्ठीची मुदत आणि साइटचे प्रमाणपत्र, दोन्हींचा हिशेब चुकतो. आणखी एक खोड आपल्या मंडळींत फार: गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर आलेली लिंक जपून ठेवायची आणि तीच दाबायची. ती आतल्या एखाद्या जुन्या पानाची असते. मुखपृष्ठाचा पत्ता स्वतः टाइप करावा. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट सहसा गव्ह डॉट इन असा असतो. पाठवणी होत होत पत्त्यात भलतेच नाव दिसले तर काही न भरता बाहेर पडावे.

दुसऱ्या ब्राउझरवर, शेजाऱ्याच्या मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या नेटवरही तोच संदेश येत असेल तर दोष बहुधा साइटच्या सर्व्हरवर आहे. तिथे आपण कितीही पुसापुशी केली तरी व्यर्थ. अशा वेळी पडद्याचा फोटो घ्यावा, त्यात तारीख आणि वेळ दिसू द्यावी, आणि त्याच दिवशी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाला लेखी अर्ज देऊन प्रतीवर पोच घ्यावी. मुदतीनंतर तोंडी सांगितलेले कुणी ऐकत नाही. मी कारकून आहे, मला ठाऊक आहे.

तिच्या वडिलांना एका दुकानदाराने सांगितले होते, "पाचशे रुपये आणि ओटीपी द्या, मी करून देतो." पाचशेपेक्षा ओटीपी महाग पडतो, बंधूंनो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या हक्काचा आकडा परक्याच्या हातात का द्यावा?

रात्री साडेदहाला अर्ज गेला. वडील पाळी संपवून आले होते, डबा हातातच. पोचपावतीचा नंबर त्यांनी मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि मला म्हणाले, "भाऊ, ह्याच्या दोन प्रती काढा. एक घरात राहू दे, एक विहाराच्या कपाटात ठेवा."