मांजरसुंब्याचा घाट आणि फजरनंतरचा तास

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत पहिला येणाऱ्याइतकंच कौतुक आणखी एकाचं होतं. बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याचं. त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पुण्याला पोचेपर्यंत तो कदाचित मागे पडेलही, पण घाट त्याचा. युरोपातल्या टूर द फ्रान्समध्ये डोंगरात वरचढ ठरणाऱ्याला १९७५ पासून लाल ठिपक्यांचा सदरा देतात. आपल्याकडे सदरा नाही, पदवी आहे. मला आपली पदवी जास्त आवडते. ज्या घाटातली गाडीवाट १८३० साली खुली झाली आणि जिथे इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराचं मंदिर आजही रस्त्याला लागून उभं आहे, त्या घाटाचं राज्य एखाद्या हौशी पोराला दिवसभरासाठी मिळावं, ही कल्पनाच छान आहे.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझा एक विद्यार्थी. अकरावीत आहे. बापाचं सायकल-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, त्याच्याच हातची जोडलेली सेकंडहँड गिअरची सायकल पोराकडे आहे आणि त्याला पुढेमागे ही शर्यत करायची आहे. घरच्यांनी मला विचारलं, सर, यात काय मिळतं?

प्रश्न रास्त आहे. आमच्या जिल्ह्यात पहाटे पळणारी पोरं कमी नाहीत. कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर जा, पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणारी, गोळा फेकणारी मुलं दिसतील. त्यांना कुणी ‘काय मिळतं’ विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक आहे. वर्दी, पगार, लग्नाच्या बाजारात भाव. सायकलच्या शर्यतीला असं उत्तर नाही. बक्षीस मिळालं तर मिळालं, नाहीतर प्रमाणपत्र आणि दुखणाऱ्या मांड्या. त्यामुळे मोहल्ल्यात अशा मुलाकडे जरा विचित्र नजरेनं बघतात. त्यात सायकल म्हणजे गरिबीची खूण. सोळाव्या वर्षी मोटारसायकलचा हट्ट धरणारा पोरगा सगळ्यांना नॉर्मल वाटतो, सायकलवर घाट चढणारा वेडा वाटतो.

आणि आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती सरळच लिहितो. ‘पंक्चरवाले’ ही आम्हाला दिली जाणारी शिवी आहे. समाजमाध्यमांवर ती रोज वाचायला मिळते. शिकलेली माणसं ती हसत हसत देतात. या शिवीमुळे झालेलं एक नुकसान कुणी मोजत नाही. आमचीच मुलं त्या कामाची लाज बाळगायला लागली आहेत. दुकानात बापाच्या शेजारी बसलेलं मित्रानं पाहू नये म्हणून वर्गातला मुलगा रस्ता बदलून जातो. आता शर्यतीच्या बाजूनं बघा. घाटात टायर बसला तर चाक काढणं, ट्यूब बदलणं, हवा भरणं आणि चाक परत नीट बसवणं, हे ज्याला पाच मिनिटांत येतं तो शर्यतीत राहतो. ज्याला येत नाही तो लाखाची सायकल घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो. शहरातले हौशी सायकलस्वार हेच शिकण्यासाठी शनिवारी-रविवारी वर्ग लावतात. आमच्या पोराला ते दहाव्या वर्षापासून येतंय. चेन किती सैल हवी, कुठली तार ताणली की गिअर उडी मारायचा थांबतो, हे त्याला आवाजावरून कळतं.

तयारीचं बोलायचं तर आधी घाटाचं गणित समजून घेतलं पाहिजे. मी भाषेचा शिक्षक, पण हे गणित सातवीचं आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते. सपाटीवर सायकलस्वार वाऱ्याशी भांडतो. चढावर वेग कमी असतो, वारा गौण होतो आणि भांडण होतं ते वजनाशी. साठ किलोचा मुलगा आणि दहा किलोची सायकल मिळून सत्तर किलो. तोच मुलगा बावीस किलोच्या काळ्या सायकलवर बसला तर ब्याऐंशी. म्हणजे साधारण सहाव्या हिश्शानं जास्त ओझं. तेवढ्याच ताकदीनं चढायचं तर पंचेचाळीस मिनिटांचा घाट बावन्न-त्रेपन्न मिनिटांचा होतो. दुसरी अडचण दात्यांची. काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाटीवर हे बरं वाटतं, चढावर गुडघे बोलायला लागतात. चढासाठीच्या गिअरच्या सायकलीला पुढचं लहान चक्र ३४ आणि मागचं मोठं ३२ दात्यांचं असलं तर एका फेऱ्यात चाक जेमतेम एकदा फिरतं. पाय हलके फिरत राहतात, दम लागतो पण गुडघा वाचतो. तेव्हा सायकल महाग नसली तरी चालेल, पण मागच्या चाकाला मोठे दाते हवेतच. त्या दुरुस्तीवाल्या बापाला हे मला सांगावं लागलं नाही, त्यानंच मला समजावलं.

घाट कुठून आणायचा? तो आपल्या दारात आहे. बालाघाटाची रांग जिल्ह्याच्या मधूनच जाते. बीडहून सोलापूर रस्त्यानं निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. तिकडे तेलगावकडून धारूरला जाताना धारूरचा घाट आहे. दोन्ही बोरघाटापुढे लहान आहेत, हे खरं. मग एकदा चढून काम भागत नाही. चढायचं, उतरायचं, परत चढायचं. पहिल्या महिन्यात एकदाच, मग दोनदा, मग तीनदा. आठवड्यातून दोन दिवस घाट पुरे. एक दिवस लांबची, गप्पा मारता येतील इतक्या संथ चालीची फेरी, गेवराईकडे किंवा अशीच सपाटीवर, तीन-चार तासांची. बाकी दिवस हलकं आणि एक दिवस पूर्ण आराम. पोरांना आराम पटत नाही. त्यांना वाटतं रोज जीव तोडला की राजा होतो. शरीर दमताना वाढत नाही, दमल्यावर झोपेत वाढतं, हे पटवायलाच अर्धा मोसम जातो.

मुंबई-पुणे शर्यतीत घाट आहे तो पायथ्यापर्यंतची मोठी सपाटी तुडवून झाल्यावर. त्यामुळे नुसता घाटात पळणारा गडी तिथे फसतो. आधी साठ-सत्तर किलोमीटर इतरांच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहून, पाय वाचवत यायचं असतं. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवणं हे एकट्यानं शिकता येत नाही. त्याला किमान चार जण लागतात. बीडमध्ये एका पोराला चार सोबती मिळणं हे मला घाटापेक्षा अवघड दिसतंय.

खाण्याचं फार कौतुक ऐकू येतं आजकाल. परदेशी पाकिटं, रंगीत पावडरी. तासाभरापेक्षा जास्त चालवायचं असेल तर दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं गोड पोटात जायला हवं, एवढंच त्यातलं सार. खजूर, केळं, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. पाण्यात लिंबू-मीठ-साखर. खजूर खिशात ठेवून चालवणारा सायकलस्वार मला तरी जगातला सगळ्यांत सोयीचा सायकलस्वार वाटतो.

रमजानचं काय, हा प्रश्न आमच्याच घरांत येतो, म्हणून त्यावर दोन शब्द. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. म्हणजे एखादा मोसम असा येणारच की शर्यतीच्या तयारीचा ऐन महिना रोज्यांचा असेल. रोजा ठेवून दुपारी घाट चढणं ही बहादुरी नव्हे, मूर्खपणा आहे. मराठवाड्याचं ऊन आणि कोरडा घसा यांची गाठ घालू नये. माझा सल्ला असा की त्या महिन्यात घाट बंद ठेवावा. इफ्तारच्या आधी पाऊण तास अगदी संथ चालवावं, म्हणजे उतरल्यावर लगेच पाणी मिळतं; किंवा तरावीहनंतर थोडं. महिनाभरात दम फारसा जात नाही, आणि ईदनंतर दोन आठवड्यांत सगळं परत येतं. बाकीच्या अकरा महिन्यांत मात्र आमच्याकडे एक मोठी सोय आहे. फजरला उठलेला मुलगा नमाज झाल्यावर परत अंथरुणात जातो, तो तास सायकलचा आहे. रस्ता मोकळा, हवा थंड, आणि घरात कुणाला नाष्ट्याचीही घाई नसते.

आता भीतीचं. उतार. चढताना कुणी मरत नाही, उतरताना मरतात. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. दोन्ही ब्रेक वापरायचे, थोडे दाबायचे, सोडायचे, सतत दाबून धरलं तर रिम तापते. हेल्मेटशिवाय घाटात पाऊल नाही. हे सगळं करूनही मांजरसुंब्याचा रस्ता हा धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे ट्रक आहेत, आणि उसाच्या हंगामात ऊस लादलेल्या गाड्यांची त्यात भर पडते. मी त्या मुलाच्या आईला ‘काळजी करू नका’ असं म्हणू शकत नाही. म्हणून प्रशासनाकडे एक साधी मागणी आहे. महामार्ग बंद करा असं कुणी म्हणत नाही. मांजरसुंब्याहून कपिलधारकडे जाणारा रस्ता यात्रेचे दिवस सोडून रविवारी पहाटे दोन तास जड वाहनांना बंद ठेवावा. एक पोलीस, दोन बॅरिकेड. नव्या स्टेडियमच्या भूमिपूजनापेक्षा स्वस्त पडेल.

महाराष्ट्रानं सायकलिंगमध्ये नाव कमावलंय. अमेरिका आडवी पार करणारी ‘राम’ शर्यत, सुमारे ४८०० किलोमीटरची, २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं पूर्ण केली, नऊ दिवसांच्या आत. २०१७ मध्ये लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं केली. मला या चौघांबद्दल मनापासून आदर आहे. पण बघा, चौघंही डॉक्टर आहेत. हा योगायोग नाही. या खेळाला पैसा लागतो, सुट्टी लागते, सोबत गाडी आणि माणसं लागतात. मग आमच्या पोराला काय वाव? वाव आहे, कारण याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला पायी-पळत जात मोठा झाला, फौजेत गेला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदानं हुकलं. त्याला कुणी ‘यात काय मिळतं’ विचारलं असेलच. पण त्याला फौज मिळाली, जिथे पळणं हीच नोकरीचा भाग झाली. सायकलवाल्या पोराला असं दार कोण उघडणार, याचं उत्तर जिल्हा क्रीडा खात्यानं द्यायचं आहे. माझ्याकडे ते नाही.

मुलींचं न लिहिता हा लेख संपवला तर माझ्याच वर्गातल्या मुली मला जाब विचारतील. मानव विकास कार्यक्रमातून लांबून येणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात, बारावीपर्यंत त्या चालवतात. दप्तर कॅरिअरला, ओढणी पिनेनं आवळलेली, बुरख्याचं टोक वर खोचलेलं, कारण चेन कुणाचं ऐकत नाही. रोज आठ-दहा किलोमीटर, वर्षाचे दोनशे दिवस. एवढा पाया कुठल्याही प्रशिक्षकाला आयता मिळाला तर तो खूश होईल. पण बारावी झाली की सायकल धाकट्या भावाकडे जाते आणि मुलगी मागच्या सीटवर. अफगाणिस्तानातून निघून फ्रान्समध्ये आसरा घेतलेली मासूमा अली झादा टोकियो ऑलिम्पिकमध्ये निर्वासितांच्या संघातून सायकलच्या टाइम ट्रायलमध्ये उतरली, फुजीच्या पायथ्याच्या चढ-उताराच्या रस्त्यावर. काबूलमध्ये सायकल चालवताना तिने दगड आणि शिव्या खाल्ल्या होत्या. ती शेवटची आली. मी वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीनं विचारलं, शेवटची आली तरी तिचं नाव तुम्हाला कसं माहीत? आणि पहिलीचं?

पहिलीचं नाव मला आठवलं नाही.

त्या अकरावीतल्या मुलाच्या घरी मी पुन्हा गेलो. काय मिळतं, याचं माझ्याकडचं उत्तर असं होतं: दोन वर्षं पहाटे उठायची सवय, व्यसनांपासून थोडं अंतर, आणि आपलं शरीर कुठपर्यंत जातं याची माहिती. नोकरीची हमी नाही. वडील ऐकत होते, हातात चाक होतं, आरे एकेक करून कसत होते. आईनं एवढंच विचारलं की उताराला मुलासोबत कोण असेल. मी चार मुलं शोधतोय. बीड शहरातली असली तर बरं, गिअरची सायकल नसली तरी चालेल, दाते बदलून देणारा माणूस आहे.