ठिणगीचा धनी कोण?

पुण्यात मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला २१ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत पाच कामगार दगावले. वेल्डिंगची ठिणगी हा प्राथमिक अंदाज तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितला होता. त्यांच्याच जालना जिल्ह्यात, अंकुशनगरला, समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यांत गाळप आटोपले की दुरुस्ती-विस्ताराची कामे निघतात: वेल्डिंग कंत्राटदाराचे, देखरेख बाहेरच्या सल्लागाराची, बगॅसचा ढीग मात्र कारखान्याचा. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. आज वेल्डिंगला परवानगी कोणी दिली, हे त्यातून कळत नाही. ती सही कारखान्याचीच हवी. तपासणीलाही तिघांनी एकत्र उभे राहावे.