घराची पाणसळ



घराला चाके असतात असे सांगितले, तर आपल्या गावची वडीलधारी मंडळी हसतील. परंतु अमेरिकेत लक्षावधी सामान्य कुटुंबे अशा घरांत राहतात. कारखान्यात तयार झालेले घर पोलादी तुळयांच्या सांगाड्यावर बसवून चाकांवरून जागेवर आणतात. 15 जून 1976 पासून त्यांच्या बांधणीस तेथील मध्यवर्ती सरकारचे नियम लागू झाले. तरी लोकांच्या तोंडी 'मोबाइल होम' हे जुनेच नाव राहिले. एकदा जागेवर आलेले असे घर बहुधा पुन्हा हलत नाही. त्याच्या तुळया काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांच्या खांबांवर, मध्ये लाकडी फळी व पाचरी घालून, टेकवलेल्या असतात. हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, कललेले घर सावरण्याचा क्रम तेथे व येथे एकच आहे.

दार चौकटीत अडकू लागले, खिडकी सरकेनाशी झाली, भिंतीच्या सांध्यांत फटी पडल्या, की मनुष्य दाराला रंधा मारतो आणि फटी बुजवतो. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. कारण दोष दारात नसून जमिनीत असतो. घराखाली पाणी मुरले की माती मऊ होऊन खांब खचतो. थंड प्रदेशात तीच ओल गोठून खांब वर उचलला जातो. म्हणून प्रथम पन्हळीचे पाणी दूर काढावे व जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.

त्यानंतर मोजणी. आपले गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ पाहतात. तेथेही तीच नळी उपयोगी पडते. प्रत्येक खांबापाशी तुळई किती खाली गेली आहे, ते कागदावर लिहून घ्यावे. मग घरातील माणसे बाहेर काढावीत, गॅसची तोटी बंद करावी आणि वादळापासून रक्षणासाठी जमिनीशी बांधलेले पट्टे सैल करावेत. जॅक पोलादी तुळईखालीच लावावा व त्याच्या बुडाशी जाड फळ्या घालाव्यात. एका वेळी पाव इंचाहून अधिक उचलू नये. एक खांब झाला की दुसऱ्याकडे जावे. एकच कोपरा घाईने उचलल्यास सांगाडा पिळतो आणि नळ तुटतात. घर समपातळीत आले की खांबावर पाचरी समोरासमोर जोडीने ठोकून पट्टे पुन्हा ताणावेत.

सर्वांत मोठा धोका जॅक निसटण्याचा. अशा कामात घराखाली चिरडून माणसे मेली आहेत. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. म्हणून त्याच्या शेजारी जाड ओंडके आडवे-उभे रचून थर चढवावा, आणि घर जसजसे वर येईल तसतसा तोही वाढवावा. केवळ जॅकवर तोललेल्या घराखाली कोणीही शिरू नये. एकट्याने तर कधीच नाही.

पाय ठेवताच जमीन दबत असेल, तर खालच्या लाकडी कड्या पाहाव्यात. बहुधा न्हाणीघराजवळ नळ गळून त्या कुजलेल्या असतात. आधी गळती थांबवावी. मग कुजका भाग काढून, जुन्या कडीला लागून तितक्याच उंचीची नवी कडी बोल्टने जोडावी. ती दोन्ही टोकांस निकोप लाकडापर्यंत पोहोचली पाहिजे. भुशाच्या दाबीव फळ्या ओलीने फुगतात. त्यांच्या जागी चांगले प्लायवुड घालावे. नुसत्या मातीवर टेकू उभा करणे व्यर्थ, कारण तोही पुढे खचणारच.

आपल्या जुन्या घरांतील खांबांखालचा तळखडा खचला, तरी क्रम हाच: आधी पाणी, मग माप, मग आधार आणि शेवटी उचल. ज्यास हे साधणार नाही, त्याने जाणता सुतार बोलवावा. चार दिवसांची मजुरी वाचवण्यासाठी घरच्या तरुण मुलाला तुळईखाली पाठवणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.