जर-तरची शैली

शैलीचा विचार हा केवळ साहित्याभ्यासकांचा प्रांत आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. संगणकाच्या आज्ञावलीत शैलीचे काय काम, यंत्राला ती थोडीच कळते, असे सहज म्हटले जाते. यंत्राला ती कळत नाही हे खरेच. परंतु आज्ञावली तपासणारा आणि वर्षांनंतर दुरुस्त करणारा वाचक माणूसच असतो. या वाचकाची सर्वाधिक कसोटी पाहते ते 'जर-तर'चे, म्हणजे संकेतार्थी वाक्य.

भाषाविज्ञानाचा अभ्यास केलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये 'पर्ल' ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. तीत अट वाक्याच्या आरंभी घालता येते, तशी शेवटीही. 'पाऊस आला तर खिडकी लाव' आणि 'खिडकी लाव, पाऊस आला तर' यांत आशय एकच असला तरी भर वेगळा आहे, हे मराठीच्या वाचकाला सांगायला नको. 'इफ'च्या जोडीला पर्लमध्ये 'अनलेस' हा नकारवाचक शब्दही आहे, आपल्या 'नसल्यास'सारखा. 'तिकीट नसल्यास दंड' हे वाक्य स्वच्छ आहे. पण 'तिकीट आणि ओळखपत्र नसल्यास दंड' म्हटले, की दोन्ही नसावी लागतात की एक नसले तरी पुरते, असा प्रश्न पडतो. यंत्र याचा एकच ठरलेला अर्थ घेते. अडखळतो तो माणूस. डेमियन कॉनवे यांनी २००५ च्या आपल्या पर्लविषयक पुस्तकात 'अनलेस' टाळण्याचाच सल्ला दिला, तो यामुळेच पटतो.

असे अडखळणे किती महाग पडू शकते, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये दिसले. ॲपलच्या प्रणालींत, सुरक्षित जोडणी करताना समोरच्या संगणकाची ओळख पटवणारा 'सी' भाषेतील एक भाग होता. त्यात एका अटीखाली 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली होती. महिरपी कंस नसतील, तर 'सी'मध्ये अटीचा अंमल लगतच्या एकाच विधानावर चालतो. दुसरी ओळ पहिलीइतकीच आत सरकवलेली असल्याने डोळ्यांना ती अटीखालची वाटे. यंत्राच्या लेखी ती बिनशर्त होती. परिणामी पुढची स्वाक्षरीची तपासणी वगळली जाई आणि तरीही निर्वाळा 'सर्व ठीक' असा मिळे.

ओळींची मांडणी एक सांगत होती आणि व्याकरण दुसरेच. १९९१ मध्ये आलेल्या 'पायथन'मध्ये आत सरकवलेली ओळ हेच व्याकरण आहे. तिथे ती जादा ओळ अटीखालीच राहिली असती आणि निरुपद्रवी ठरली असती.

म्हणून माझे मत असे, की एकाच ओळीची अट असली तरी कंस घालावेत, नकारापेक्षा होकारार्थी अट पसंत करावी आणि अटीच्या पोटात अटी रचत जाण्याऐवजी अपवाद आरंभीच निकालात काढावेत. यावर 'हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न' असे उत्तर मिळते. आवडीला जागा आहेच. पण दिसणारा अर्थ आणि घडणारा अर्थ यांत अंतर पडू न देणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. साहित्याच्या वर्गात आपण संदिग्धतेचे सौंदर्य शिकवतो. ती कुठे शोभत नाही, हे शिकवण्यासाठी 'जर-तर'च्या या ओळी उत्तम पाठ ठरतील.