‘फो’ या अक्षरातला बुद्ध

चिनी भाषेत बुद्धाला ‘फो’ म्हणतात, हे ऐकून आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांना हसू येते. चिन्यांना हे नाव धड उच्चारता आले नाही, असा त्यांचा समज. आमच्या मते हा समज भाषेच्या इतिहासाला धरून नाही.

हे अक्षर बुद्धासाठी योजले गेले तेव्हा त्याचा उच्चार ‘ब्युत्’ किंवा ‘बुत्’च्या जवळचा होता. अक्षराच्या डावीकडे माणसाची खूण आहे, उजवीकडे ‘नाही’ या अर्थाचे चिन्ह. त्यावरून ‘जो माणूस नव्हे तो’ असा अर्थ लावणारे भाविक आहेत. कल्पना रम्य खरी. पण उजवा भाग तेथे केवळ उच्चार सुचवण्यासाठी आहे. इ.स. 100 च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या कोशात या अक्षराचा अर्थ ‘अस्पष्ट दिसणे’ असा दिला आहे. बुद्धाशी त्याचे अर्थाने काही नाते नव्हते. नाद जुळला म्हणून ते उचलले गेले.

पुढे उत्तरेकडील चिनीत अंत्य ‘त्’ गळाला आणि ओष्ठ्य ‘ब’चा दंतोष्ठ्य ‘फ’ झाला. प्राचीन चिनीत असे दंतोष्ठ्य ध्वनी नव्हतेच, हे अठराव्या शतकात छ्यन दाशिन या पंडिताने दाखवून दिले. नंतर स्वीडनच्या बर्नहार्ड कार्लग्रेन यांनी इ.स. 601 च्या यमककोशाची परंपरा आणि जिवंत बोली शेजारी ठेवून जुने उच्चार सिद्ध केले.

‘जिवंत बोली’ या शब्दांवर आमचा भर आहे. बीजिंगच्या प्रमाण उच्चारात ‘बुत्’चा मागमूस उरलेला नाही. तो टिकला कडेला: जपानीत ‘बुत्सु’, फूच्येनच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘पुत्’, कँटनीत ‘फत्’. कोरियनने मात्र ‘त्’चा ‘ल्’ केला. कडेला सारे जुनेच असते असे नाही. तरीही बेळगाव-कारवारकडच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा दाखला एकवार नजरेखालून घालावा. आपल्या आजीआजोबांचे उच्चार आज टिपून ठेवले नाहीत, तर उद्याच्या कार्लग्रेनला पुरावा कोठून मिळणार?

एक धागा राहिला. जुन्या चिनी ग्रंथांत बुद्धासाठी ‘फूथू’ असे दोन अक्षरी रूपही येते. जर्मनीत संस्कृत शिकलेले ची श्यानलिन यांचे म्हणणे असे की, एकाक्षरी रूप थेट भारतातून आले नाही, मध्य आशियातील तोखारी भाषेतून आले. हे मत मान्य केले, तर नावाचा अखेरचा स्वर चिन्यांनी गाळलेलाच नाही. तो वाटेतच गळाला होता.