पत्र्याच्या शेडला वेगळा न्याय

हिंजवडीसारख्या गावात घरामागे पत्र्याची शेड उभी राहते ती हौसेखातर नव्हे. कोणाच्या दारी दुभते जनावर असते, कोणाला सरपण व अवजारे पावसापासून वाचवायची असतात. शेजारच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील बांधकामांची परवानगी औद्योगिक विकास महामंडळ देते. भोवतालच्या प्रदेशासाठी २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. मनोरे बांधणाऱ्याजवळ वास्तुविशारद आणि वकील असतात; गावकऱ्याला हेलपाटे स्वतःच घालावे लागतात.

बांधकामाला नियमच नकोत, असे कोणीही म्हणणार नाही. २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा ओढेनाले बुजवण्याची किंमत सर्वांनाच कळली. खरा प्रश्न नियमाचा भार कोणाच्या खांद्यावर किती पडतो, हा आहे.

१९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. विनापरवाना पक्क्या इमारतीवर ५३ व्या कलमाखाली नोटीस निघाली, तर ती इमारत राखण्यासाठी परवानगीचा अर्ज करण्याची सोय त्याच कलमात आहे. तात्पुरत्या बांधकामासाठी मात्र ५५ वे कलम आहे. तेथे पंधरा दिवसांत बांधकाम काढून टाकण्याचा आदेश देता येतो. आणि ते तात्पुरते आहे की नाही, याविषयी नियोजन प्राधिकरणाचाच निर्णय अंतिम! ज्याने सिमेंट ओतले त्याला अर्जाची संधी, आणि ज्याने चार खांबांवर पत्रे टाकले त्याला पंधरा दिवसांची मुदत, असा हा न्याय आहे.

इंग्लंडमध्ये परसातील साध्या शेडला बहुधा वेगळी परवानगी लागत नाही. हद्दीपासून दोन मीटरच्या आत ती असेल तर उंची अडीच मीटरपेक्षा अधिक नसावी, असे मोजके निर्बंध आधीच ठरलेले असतात. नागरिक स्वतः मोजमाप करून मोकळा होतो.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. किती मापाची शेड परवानगीवाचून चालेल, ओढ्यापासून आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर हवे, हे सोप्या मराठीत लिहून गावच्या फळ्यावर लागले पाहिजे. अशा शेडवर कारवाई करण्यापूर्वी गरिबालाही अर्जाची संधी मिळाली पाहिजे. मुळशी तालुक्यातील ग्रामसभांनी तसे ठराव करून ही मागणी शासनाच्या दारात नेली पाहिजे.