कोण म्हणाले, कोण उद्गारले?

जुन्या मराठी मासिकांचे बांधीव अंक चाळताना एक क्रियापद पुन:पुन्हा भेटते. ते म्हणजे ‘उद्गारले’. थोर माणसाची मुलाखत असो, सभेचा वृत्तान्त असो वा मृत्युलेख, चरित्रनायक साधे काही म्हणतच नाही, तो उद्गारतो. तेही कधी ‘सद्गदित होऊन’, तर कधी ‘किंचित हसून’. आज हे वाचताना गंमत वाटते. पण हसण्याआधी या शब्दाची बाजू ऐकून घ्यायला हवी.

उद्गार म्हणजे आतून उसळून बाहेर येणारे काहीही. आयुर्वेदात तर ढेकरेलाच उद्गार म्हणतात आणि चरकाने जे १३ वेग अडवू नयेत असे सांगितले, त्यांत त्याचाही समावेश आहे. तेव्हा न ठरवता, न राहवून तोंडून निघालेला शब्द तो उद्गार. मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रूढ केली, त्यांतल्या एका चिन्हाला आपण हेच नाव दिले. गंमत अशी की, हे क्रियापद स्वत:साठी सहसा वापरता येत नाही. ‘मी उद्गारलो’ असे कोण सांगतो? ‘मीठ संपले, असे आई उद्गारली’ असेही घरात कोणी बोलत नाही. उद्गार बहुधा दुसऱ्याचा असतो आणि तो उद्गार आहे, हे ऐकणारा ठरवतो.

‘मासिक मनोरंजन’ १८९५ मध्ये निघाले, ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये. त्या जमान्यात छायाचित्र छापणे खर्चाचे आणि आवाज तर कागदावर उतरणारच नाही. बोलणाऱ्याचा चेहरा आणि स्वर वाचकापर्यंत पोचवण्याचे काम क्रियापदाकडे आले. ते त्याने इमानाने केलेही. बिघडले ते सवयीने. लिहून आणलेले भाषण तासभर वाचणारे अध्यक्षही ‘उद्गारले’, तेव्हा शब्दातला उमाळा संपला आणि उरला तो नुसता मानाचा फेटा.

हा फेटा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हा खरा मुद्दा आहे. आजच्या बातम्याच पाहा. मंत्री ‘प्रतिपादन करतात’, उद्योगपती ‘मत व्यक्त करतात’, अधिकारी ‘स्पष्ट करतात’. पाण्यासाठी हंडे घेऊन आलेल्या बायका मात्र ‘आक्रोश करतात’ आणि शेतकरी ‘टाहो फोडतो’. वस्तुत: त्या बाईने नळाला पाणी किती दिवस नाही, टँकर कुठे अडला, अर्ज कोणाकडे दिला, हे सगळे नीट सांगितलेले असते. पण क्रियापदाने तिचा फक्त आवाज ऐकला, म्हणणे ऐकलेच नाही. ‘दावा केला’ म्हटले की शंका आली, ‘कबूल केले’ म्हटले की गुन्हा आला, आणि ‘कडाडले’ म्हटले की शौर्य आले. बातमीदार आपले मत वेगळे लिहीत नाही. ते क्रियापदात बसवून मोकळा होतो.

आता तर ध्वनिचित्रफीत प्रत्येकाच्या खिशात आहे. नेता खरोखर गरजला की खोकत खोकत बोलला, हे घरबसल्या दिसते. मग मथळ्यातल्या गर्जना कशासाठी? ‘म्हणाले’ हा शब्द मिळमिळीत वाटतो खरा, पण तो सर्वांना एकाच पाटावर बसवतो. ‘उद्गारले’ हद्दपार करावे असे मुळीच नाही. ज्याच्या तोंडून खरोखरच न राहवून शब्द निघाला, त्याच्यासाठी ते जरूर राखून ठेवावे, मग तो राज्यपाल असो की रिक्षावाला.

आज दुपारी घरातल्या मुलांना हाताशी घेऊन एक खेळ करून पाहा. याच दैनिकातली एखादी बातमी घ्या, तिच्यातली ‘गरजले’, ‘बरसले’, ‘टाहो फोडला’ ही सारी क्रियापदे खोडा आणि प्रत्येक ठिकाणी ‘म्हणाले’ लिहा. मग पुन्हा वाचा. कोणाच्या बोलण्यात काही उरते आणि कोणाच्या नाही, हे मुलेच तुम्हाला सांगतील.